नीड-ब्लाइंड म्हणजे काय? अमेरिकेतली कॉलेजं पुण्यातल्या पोरांना खरंच फुकट शिकवतात का?

ऑक्टोबर संपत आलेला असतो. बारावीतलं पोरगं लॅपटॉपवर 'कॉमन ॲप' उघडून बसलेलं असतं. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी मिळून असलेला हा एकच ऑनलाइन अर्ज. नाव, पत्ता, शाळा, मार्क असं सगळं भरून होतं आणि मग प्रत्येक कॉलेजच्या पानावर एक साधा प्रश्न येतो. तुम्ही आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का? पर्याय दोनच, हो किंवा नाही.

इथं घरात चर्चा सुरू होते. आई म्हणते, जे खरं आहे ते लिही. एखादा मामा सांगतो, "अजिबात 'हो' लिहू नकोस, पैसे मागणाऱ्याला कोण घेतंय?" आणि इन्स्टावरचा रीलवाला सांगत असतो की अमेरिका १०० टक्के स्कॉलरशिप देते, फक्त 'हो' दाबा आणि आधी माझा कोर्स घ्या.

गंमत म्हणजे मामाही थोडा बरोबर आहे आणि रीलवालाही. कोण किती बरोबर, हे तुम्ही कोणत्या कॉलेजच्या पानावर आहात त्यावर ठरतं. हा एक टिकमार्क चुकला तर काही ठिकाणी प्रवेश जातो आणि काही ठिकाणी चार वर्षांचे पैसे जातात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी एक गोंधळ मिटवू

पुण्यात कोणी 'यूएसला चाललोय' म्हटलं की आपण गृहीत धरतो एमएस. इंजिनिअरिंग झालं, जीआरई दिली, बँकेचं कर्ज काढलं, निघाला. आकडेही तेच सांगतात. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यात पदवीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या शिक्षणासाठी गेलेले जेमतेम ३६ हजार. बाकी बहुतेक पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा ते संपवून ओपीटीवर काम करणारे.

'नीड-ब्लाइंड' हा शब्द त्या ३६ हजारांच्या जगातला आहे. बारावीनंतर चार वर्षांची पदवी करायला जाणाऱ्यांसाठी. एमएसला हा प्रकार जवळपास नसतो. तिथं पैसे मिळाले तर टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून मिळतात आणि पीएचडीला बहुतेक चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. त्यामुळे एमएसवाल्या दादाचा सल्ला बारावीवाल्या ताईला लागू पडत नाही. दोघांचे नियम वेगळे, अर्ज वेगळे.

तर नीड-ब्लाइंड म्हणजे काय?

तुमचा अर्ज वाचणारी समिती तुमच्या घरच्या पैशांकडे बघतच नाही, याला नीड-ब्लाइंड म्हणतात. गरजेच्या बाबतीत डोळ्यांवर पट्टी. मुलगा पूर्ण फी भरणार आहे की एक रुपयाही भरू शकत नाही, याचा निवडीवर परिणाम होत नाही. पैशांची फाइल वेगळ्या कार्यालयात जाते.

याच्या उलट नीड-अवेअर. इथं समितीला माहीत असतं की तुम्ही मदत मागितली आहे. लगेच नाकारतात असं नाही. पण दोन सारखेच हुशार अर्जदार असतील, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं त्या वर्षीचं बजेट संपत आलेलं असेल, तर फी भरणारा आत जातो. मामाचं म्हणणं इथं खरं ठरतं.

आता खरी मेख. बरीच अमेरिकी कॉलेजं 'आम्ही नीड-ब्लाइंड आहोत' असं वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहितात, आणि ते खरंही असतं, पण फक्त अमेरिकी नागरिकांसाठी. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेच कॉलेज नीड-अवेअर असतं. स्टॅनफर्ड, कोलंबिया आणि कॉर्नेल ही याची नावाजलेली उदाहरणं. त्यामुळे शोधताना फक्त 'नीड-ब्लाइंड' वाचून खूश होऊ नका. आंतरराष्ट्रीय अर्जदारांचं पान वेगळं असतं, ते उघडा.

पण प्रवेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले का?

नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रील्समध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पैसे न बघता प्रवेश देणं ही एक गोष्ट. प्रवेश दिल्यावर गरज असेल तेवढे सगळे पैसे देणं ही दुसरी. दुसरीला म्हणतात 'फुल-नीड', म्हणजे पूर्ण गरज भागवणं.

हिशेब करून बघू. हार्वर्डमध्ये २०२५-२६ साठी फी, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला सुमारे ८७ हजार डॉलर लागतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर जवळपास ७४ लाख. चार वर्षांचे ३ कोटींच्या आसपास. या किमतीत कोथरूडमध्ये बऱ्यापैकी मोठा फ्लॅट येतो, आणि तो निदान आपल्या नावावर तरी राहतो.

समजा एका कुटुंबाचं कागदपत्रांवरून ठरलं की ते वर्षाला ४ हजार डॉलर देऊ शकतात. मग गरज झाली ८३ हजार. फुल-नीड कॉलेज हे ८३ हजार देईल. फुल-नीड नसलेलं कॉलेज कदाचित ५० हजारांची 'स्कॉलरशिप' देईल. आकडा ऐकायला भारी. व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे मेसेज येतील, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येईल. पण उरलेले ३३ हजार डॉलर, म्हणजे दरवर्षी २८ लाख रुपये, कोण भरणार? दरवर्षी एप्रिलमध्ये कितीतरी घरं या फरकापाशी येऊन थांबतात.

म्हणून 'किती मिळाले' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'आपल्याला किती भरायचेत' हे विचारायचं.

दोन्ही गोष्टी देणारी कॉलेजं किती?

दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकी. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड आणि पूर्ण गरज भागवणारी म्हणून हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, नोटर डेम आणि ब्राऊन ही नावं घेतली जातात. यातली शेवटची चार यादीत अलीकडे आली आहेत. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये, नोटर डेम आणि ब्राऊन २०२५ मध्ये प्रवेश घेणाऱ्या बॅचपासून.

यादी दगडावर कोरलेली नाही, हेही लक्षात ठेवा. विल्यम्स कॉलेज एकेकाळी परदेशी मुलांसाठी नीड-ब्लाइंड होतं. २००८ ची मंदी आली, कॉलेजच्या ठेवींचं मूल्य घसरलं आणि २०१० मध्ये त्यांनी ते धोरण थांबवलं. डार्टमथनं तर आधी सुरू केलं, मग बंद केलं, मग २०२२ मध्ये एका निनावी देणगीदारानं ४ कोटी डॉलर दिल्यावर पुन्हा सुरू केलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बनवलेली पीडीएफ ग्रुपवर आली तर ती तशीच पुढे ढकलू नका.

आणि आता थंड पाण्याचा हबका. २०२४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या बॅचसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरातले साडेतीन. एमआयटीमध्ये परदेशी अर्जदारांचं प्रमाण आणखी कमी, साधारण २ टक्के, कारण पैशांवर मर्यादा नसली तरी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर तिथं मर्यादा आहे. पट्टी फक्त पैशांपुरती आहे, बाकी सगळं डोळे उघडे ठेवूनच बघतात.

यादीबाहेर सगळं संपतं असं नाही. विल्यम्स, स्वार्थमोर, स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, मॅकॅलेस्टर ही नीड-अवेअर असली तरी परदेशी विद्यार्थ्याला एकदा घेतलं की त्याची पूर्ण गरज भागवतात. कॉर्नेलमध्ये तर खास भारतीयांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे. रतन टाटा स्वतः कॉर्नेलचे विद्यार्थी. २००८ मध्ये टाटा ट्रस्टनं ५ कोटी डॉलर दिले, त्यातले निम्मे या शिष्यवृत्तीसाठी. एका वेळी साधारण २० भारतीय पदवी विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळते. सरकारी विद्यापीठांकडून मात्र फार आशा ठेवू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस, बर्कली आणि यूसीएलए धरून, परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देत नाहीत.

मग 'हो' लिहायचं की 'नाही'?

नीड-ब्लाइंड कॉलेजच्या पानावर, गरज असेल तर, डोळे झाकून 'हो'. तिथं 'नाही' लिहून काहीही फायदा नाही.

नीड-अवेअर कॉलेजात 'हो' लिहिल्यानं स्पर्धा वाढते, हे मान्य. पण 'नाही' लिहिण्याचा धोका त्याहून मोठा आहे. यातल्या बऱ्याच कॉलेजांचा नियम असा आहे की परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. समजा पहिल्या वर्षाची फी घरच्यांनी फ्लॅटवर कर्ज काढून भरली. दुसऱ्या वर्षी हिंजवडीतली नोकरी गेली. कॉलेजकडे जायची सोय नाही, कारण अर्जात तुम्हीच लिहून दिलं होतं की पैसे आहेत. शिक्षण अर्धवट सोडून परतणं हे प्रवेश न मिळण्यापेक्षा कितीतरी वाईट. त्यामुळे 'आधी आत तर जाऊ, पैशाचं नंतर बघू' हा आपला नेहमीचा जुगाड इथं चालत नाही. माझं मत विचाराल तर मामाचं ऐकू नका.

हे पैसे येतात कुठून?

परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. सगळा पैसा कॉलेजच्या स्वतःच्या खिशातून येतो, म्हणजे एंडावमेंटमधून. माजी विद्यार्थ्यांनी आणि धनिकांनी पिढ्यानपिढ्या दिलेल्या देणग्या गुंतवायच्या, मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि उत्पन्नातला काही भाग दरवर्षी वापरायचा. आपल्याकडच्या देवस्थानाच्या कायम ठेवीसारखं. हार्वर्डची ही ठेव २०२४ मध्ये ५३.२ अब्ज डॉलर होती.

या ठेवींच्या उत्पन्नावर २०१७ पासून श्रीमंत विद्यापीठांना १.४ टक्के कर होता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं सगळ्यात श्रीमंत संस्थांसाठी तो ८ टक्क्यांपर्यंत नेला. अमेरिकी राजकारणातली ही बातमी आपल्याला लांबची वाटते, पण विल्यम्सची गोष्ट आठवा. ठेवीला धक्का बसला की पहिली कात्री परदेशी मुलांच्या मदतीला लागू शकते.

ही कॉलेजं म्हणजे धर्मशाळा आहेत असंही समजू नका. १९९१ मध्ये अमेरिकी न्याय विभागानं आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एमआयटीवर खटला भरला होता. कोणत्या विद्यार्थ्याला किती मदत द्यायची हे ते आपापसात बसून ठरवतात, असा आरोप होता. मग १९९४ च्या कायद्यात एक सवलत आली की प्रवेश खरोखर नीड-ब्लाइंड ठेवत असाल तर मदतीचं सूत्र एकत्र ठरवायला हरकत नाही. २०२२ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा दावा दाखल केला की ही विद्यापीठं श्रीमंत देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप देतात, म्हणजे ती नीड-ब्लाइंड नाहीतच. डझनभर संस्थांनी चूक मान्य न करता ३० कोटी डॉलरहून जास्त रकमेवर तडजोड केली. त्यात येल, ब्राऊन आणि डार्टमथही होती.

आपली माणसं याआधी कोणाच्या पैशांवर गेली?

हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला गेल्या तेव्हाही आधी पैशांचंच कोडं होतं. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं मदतीचं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंनी कॉलेजला लिहिलं तेव्हा आपली तयारी आणि ऐपत दोन्ही अपुरी आहे हे लपवलं नाही. कॉलेजनं प्रवेशही दिला आणि मदतही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. ते खरंच नोकरीला गेले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं.

१८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली जे. एन. टाटा एंडावमेंट आजही चालू आहे. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, म्हणजे परत फेडायची. पहिल्या दोन मानकऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

या तिन्ही वाटा आणि आजची नीड-बेस्ड ग्रँट यांत फरक एवढाच की आजच्या ग्रँटला बाँड नसतो आणि ती फेडायची नसते. प्रिन्स्टननं २००१ मध्ये मदतीतून कर्ज काढूनच टाकलं, आणि त्याच वेळी परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड धोरण जाहीर केलं.

मुळशीतला एक रस्ता

पुणेकरांना शेजारी असून फारसा माहीत नसलेला एक मार्ग पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यातल्या खुबवलीच्या टेकडीवर आहे. महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, १९९७ पासून. जगभरातल्या यूडब्ल्यूसी शाळांपैकी ही एक. अकरावी-बारावीच्या वयात दोन वर्षं इथं आयबीचा अभ्यासक्रम असतो. निवड देशपातळीवरची समिती करते आणि गरजेनुसार फीमध्ये मदत मिळते.

खरी गोष्ट पुढची. २००० मध्ये शेल्बी डेव्हिस या गुंतवणूकदारानं एक कार्यक्रम सुरू केला. यूडब्ल्यूसीतून शिकलेलं मूल ठरावीक अमेरिकी कॉलेजात गेलं आणि त्याला गरज असेल, तर डेव्हिस यांचा निधी त्या कॉलेजला पैसे देतो. सुरुवातीला पाच कॉलेजं होती. कोल्बी, कॉलेज ऑफ द अटलांटिक, मिडलबरी, प्रिन्स्टन आणि वेलस्ली. आता शंभराच्या आसपास आहेत. म्हणजे नीड-अवेअर कॉलेजच्या दृष्टीनं यूडब्ल्यूसीचा गरजू विद्यार्थी इतरांपेक्षा स्वस्त पडतो. जिथं 'हो' लिहिल्यानं नुकसान होतं, तिथं याचं नुकसान कमी होतं. यासाठी दहावीतच हालचाल करावी लागते. बारावीत कळून उपयोग नाही.

सात-बारा, फॉर्म १६ आणि सीएसएस

गरज ठरवायला बहुतेक खासगी कॉलेजं 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा फॉर्म वापरतात. यात फक्त पगार नाही, सगळंच विचारतात. एफडी, शेअर, दुसरा फ्लॅट, दुकान, जमीन, कर्ज, भावंडांची फी. पालक वेगळे राहत असतील तर दोघांचीही माहिती मागितली जाते.

पगारदार घरांचं सोपं असतं. फॉर्म १६, आयटीआर, बँक स्टेटमेंट. शेतकरी, रिक्षाचालक, छोटे दुकानदार यांचं तसं नसतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून अनेकांकडे रिटर्न नसतो. तिथं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, आणि घर कसं चालतं याचं साध्या भाषेतलं पत्र उपयोगी पडतं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

आणि इथं पुणे जिल्ह्याचा एक खास तिढा. मुळशी, हवेली, मावळ भागात वडिलोपार्जित चार एकर असली तर कागदावर बाजारभाव कोटींत जातो, हातात मात्र वर्षाला लाख-दीड लाख. त्यात सात-बारावर चुलत्यांची, आत्यांची नावं. फॉर्मला एवढंच दिसतं की यांच्याकडे कोटींची मालमत्ता आहे. अशा वेळी जमीन सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, ती विकता येत नाही, हे स्पष्ट लिहून द्यायला हवं. कार्यालयात बसलेल्या माणसाला सात-बारा माहीत नसतो, आपण सांगितलं तरच कळेल. राहतं घर मात्र हार्वर्ड आणि प्रिन्स्टन हिशेबात धरत नाहीत.

उत्पन्नाची मर्यादा ऐकून धक्का बसेल. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये १ लाख डॉलरपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आणि फार मोठी मालमत्ता नसलेल्या, कुटुंबाला काहीच भरावं लागत नाही. रुपयांत हे ८५ लाख होतात. २ लाख डॉलरपर्यंत ट्यूशन फी माफ. एमआयटीचे आकडेही असेच आहेत. म्हणजे आयटीतल्या दोन पगारांचं, आपल्याकडे 'सुखवस्तू' म्हटलं जाणारं घरही तिथं मदतीला पात्र ठरतं. 'स्कॉलरशिप गरिबांसाठी असते' म्हणून अर्जच न करणारी घरं इथं चुकतात.

कॉमन ॲपची फी साधारण ७५ ते ९० डॉलर प्रत्येक कॉलेजला. ती माफ करून मिळते, परदेशी विद्यार्थ्यांनाही. सीएसएसची फीसुद्धा काही कॉलेजं मागितल्यावर भरतात. मागायला लाजू नका, त्या मेलचा प्रवेशावर परिणाम होत नाही.

स्टेट बोर्डवाल्यांची अडचण

खरं सांगायचं तर पैशांच्याही आधी मराठी माध्यमाची किंवा स्टेट बोर्डाची मुलं इथं अडकतात. अमेरिकी अर्जाला नववीपासूनच्या मार्कांची प्रमाणित यादी, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल लागतो. बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात, प्रवेशाचा निर्णय होतो मार्चमध्ये. म्हणून शाळेला 'अंदाजे इतके मार्क पडतील' असंही लिहून द्यावं लागतं.

आता आपली ज्युनिअर कॉलेजं डोळ्यांसमोर आणा. एका तुकडीत १२० मुलं, निम्मी क्लासच्या टाय-अपमुळे कॉलेजला येतच नाहीत, समुपदेशक हे पद नाही आणि ऑफिसातल्या खिडकीवर बोनाफाइड मागितलं तरी 'उद्या या'. प्रस्तुत लेखिकेनं बारावीत 'रेकमेंडेशन लेटर' हा शब्दही ऐकला नव्हता. महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये हेच काम करायला पगारी माणूस असतो. नीड-ब्लाइंड धोरण हा फरक पुसत नाही.

यातून वाट आहे, पण ती आधीपासून काढावी लागते. अकरावीतच दोन शिक्षक ठरवा, त्यांना तुमचं काम दाखवत राहा. समुपदेशकाचा भाग मुख्याध्यापक किंवा उपप्राचार्य भरू शकतात. फुकट माहितीसाठी 'एज्युकेशन यूएसए' हे अमेरिकी परराष्ट्र खात्याचं अधिकृत जाळं आहे, मुंबईतही केंद्र आहे. लाखभर रुपये मागणाऱ्या कन्सल्टंटच्या आधी तिथं विचारा. एसएटी बऱ्याच ठिकाणी पुन्हा सक्तीची झाली आहे. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन इथं ती लागते. बोडनमध्ये ऐच्छिक आहे.

आणि सरकारी शिष्यवृत्त्या? समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, पुण्यातल्या 'सारथी'ची सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, या तिन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत. म्हणून बारावीतल्या मुलासाठी कॉलेजची स्वतःची मदत हाच मुख्य आधार उरतो.

कागद 'ॲडजस्ट' केले तर?

२०२४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एक भारतीय विद्यार्थी सापडला. मार्कलिस्ट बनावट, मुख्याध्यापकांच्या नावाचा ईमेल बनावट, आणि मदत मिळावी म्हणून हयात असलेल्या वडिलांच्या मृत्यूचा दाखलाही बनावट. पूर्ण स्कॉलरशिप मिळाली. मग त्यानं नाव न सांगता रेडिटवर सगळी कहाणी फुशारकीनं लिहिली. तिथल्याच एका मॉडरेटरनं धागे जोडून विद्यापीठाला कळवलं. अटक झाली, गुन्हा कबूल केला आणि परत भारतात यावं लागलं.

अशा प्रकरणाची किंमत पुढच्या वर्षीच्या खऱ्या गरजूंना मोजावी लागते. भारतातून आलेला कागद आणखी बारकाईनं तपासला जातो.

पत्र आलं, आता पुढे?

मार्चअखेर निकाल येतात आणि सोबत मदतीचं पत्र. त्यात 'ग्रँट' म्हणजे परत न करायचे पैसे. 'वर्क' म्हणजे कॅम्पसवर काम करून तुम्ही कमवायचे, एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत. 'लोन' दिसलं तर कोणाकडून आणि किती, ते विचारा. विमानभाडं आणि आरोग्यविमा धरलाय का ते बघा. आकडा परवडत नसेल तर फेरविचारासाठी लिहिता येतं, विशेषतः उत्पन्नात मधेच बदल झाला असेल तर.

एक गोष्ट जवळपास कोणी सांगत नाही. फीसाठी मिळालेल्या ग्रँटवर अमेरिकेत कर नाही, पण राहण्या-जेवणासाठीच्या ग्रँटवर आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या या रकमेतून १४ टक्के कापून घेतले जातात. मात्र भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) नुसार भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. सध्या ते १५ हजार डॉलरच्या वर आहे. राहण्या-जेवणाची ग्रँट २० हजार असेल तर कर उरलेल्या ५ हजारांच्या आसपासच लागतो आणि जास्तीचा कापलेला परत मागता येतो. त्यासाठी १५ एप्रिलपर्यंत रिटर्न भरायचा. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं विसरतात.

व्हिसाची मुलाखत मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत होते. कॉलेजचं मदतपत्र आणि त्यावरून बनलेला आय-२० हाच पैशांचा पुरावा, कोट्यवधींचा बँक बॅलन्स दाखवायची गरज नाही. २०२५ मध्ये मात्र दोन धक्के बसले. २२ मे रोजी अमेरिकी सरकारनं हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढली, दुसऱ्या दिवशी कोर्टानं त्याला स्थगिती दिली. आणि १८ जूनपासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आपली सोशल मीडिया खाती पब्लिक करावी लागतात. अकरावीत रागाच्या भरात टाकलेली स्टोरीची हायलाइट अजून तिथंच असेल, तर ती तुमच्याबरोबर व्हिसा अधिकारीही बघणार आहे.

कॉलेजला होकार कळवायची शेवटची तारीख असते १ मे. त्या दिवशी आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते आणि बारावीचा निकाल बहुतेक वेळा लागलेला नसतो, त्यामुळे कॉलेजच्या ऑफिसातून काही कागद हवा असेल तर तो ३० एप्रिलच्या आतच घेऊन ठेवा.